नांगर आणि तुरुंगाचं दार : कॅथलिक लोक ‘आशा’ कशाला म्हणतात?

२६ डिसेंबर २०२४, नाताळचा दुसरा दिवस. रोममधल्या रेबिब्बिया तुरुंगातल्या चॅपेलच्या दाराशी ८८ वर्षांचे पोप फ्रान्सिस चाकांच्या खुर्चीतून उठले, दारावर टकटक केली आणि आत गेले. कॅथलिक चर्चचं ज्युबिली वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. ज्युबिली वर्षात रोमच्या मोठ्या बॅसिलिकांची, म्हणजे प्रमुख चर्चची, ‘पवित्र दारं’ उघडतात, ही शेकडो वर्षांची रीत. तुरुंगात असं दार उघडायची मात्र ही पहिलीच वेळ. आत जमलेल्या कैद्यांना पोपमहाशयांनी सांगितलं ते एवढंच, की आशा नांगरासारखी आहे. नांगर पलीकडे किनाऱ्यावर पक्का रुतलाय आणि त्याचा दोर तुमच्या हातात आहे. कधीकधी हा दोर हाताला काचतो, पण तो सोडायचा नाही.

मी वसईचा. नांगर म्हटलं की आमच्या पाचूबंदरच्या कोळ्याच्या डोळ्यांसमोर बोटीचा लोखंडी नांगर येतो आणि वाडीतल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर बैलांचा. मराठी बायबलमध्ये इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात ‘आशा हा आपल्या जिवाचा नांगर’ असं वाक्य आहे. मूळ ग्रीकमध्ये तो जहाजाचाच नांगर आहे. पण लहानपणी हे वाक्य कानावर पडायचं तेव्हा मला शेतातलाच नांगर दिसायचा, आणि कितीतरी वर्षं मी तसाच अर्थ लावत आलो. ही चूक मोठेपणी कळली, पण सोडवेना. एक नांगर बोटीला वाहून जाऊ देत नाही, दुसरा कडक झालेली जमीन फोडतो. कॅथलिक आशेत ही दोन्ही कामं आहेत.

मराठी कानाला ‘आशा’ हा शब्द तसा संशयाचाच. आशाळभूत, वेडी आशा, आशेला लागलेला : यातला एकही शब्द कौतुकाचा नाही. शाळेत पाठ केलेलं सुभाषित बहुतेकांना आठवत असेल : ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला। यया बद्धाः प्रधावन्ति मुक्तास्तिष्ठन्ति पङ्गुवत्॥’ आशा ही अजब बेडी आहे, तिनं बांधलेले धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे जागच्या जागी उभे राहतात. तिथे आशा म्हणजे हाव, आणि तिच्यातून सुटलेला माणूस शहाणा. ख्रिस्ती माणूस जेव्हा ‘श्रद्धा, आशा, प्रीती’ असं म्हणतो तेव्हा तो वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो. त्याच्या लेखी आशा हा सद्गुण आहे. तिचा सराव करावा लागतो, आणि तिच्याविरुद्ध पापही घडू शकतं.

तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनास यांनी आशेच्या चार खुणा सांगितल्या आहेत. आशा ज्या गोष्टीची धरायची ती चांगली असावी, अजून हाती न आलेली असावी, मिळायला अवघड असावी आणि तरीही मिळणं शक्य असावं. मला या चौकटीतला ‘अवघड’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. सहज मिळणाऱ्या गोष्टीची कुणी आशा धरत नाही, तिची नुसती वाट बघतो. आणि अशक्य म्हणून जी सोडून दिली, तिथे निराशा आली. चर्चच्या शिकवणीत आशेविरुद्ध पापं दोन आहेत. एक निराशा. दुसरं म्हणजे गृहीत धरणं, ‘देव बघून घेईल’ म्हणत हात झटकणं. हे दुसरं पाप आपल्याला पाप वाटत नाही, उलट भक्तीच वाटते, म्हणून ते जास्त घातक.

आशावाद वेगळा. आशावादी माणूस आजूबाजूची चिन्हं बघून अंदाज बांधतो की होईल सगळं ठीक. चिन्हं वाईट झाली की त्याचा अंदाज कोसळतो. आशा वचनावर उभी असते. ‘जे दिसतं त्याची आशा कोण कशाला धरील?’ असं संत पौल विचारतो. त्याचंच आणखी एक वाक्य मराठी बायबलमध्ये तीन शब्दांत येतं : ‘आशा लाजवीत नाही.’ पोप फ्रान्सिस यांनी ९ मे २०२४ रोजी ज्युबिलीची घोषणा करणारं पत्र काढलं, त्याचं नाव याच वाक्यावरून ठेवलं होतं.

इथे सरळ प्रश्न येतो. ख्रिस्ती आशा जर शेवटी स्वर्गाची, देवराज्याची आशा असेल, तर तिचा रेशनच्या रांगेशी, कोर्टाच्या तारखेशी, जंगलाच्या हक्काशी संबंध काय? हा प्रश्न चर्चच्या आतही बराच काळ विचारला गेला, आणि काहींनी ‘काही नाही’ असं उत्तरही दिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, ७ डिसेंबर १९६५ रोजी त्यावर आपलं उत्तर नोंदवलं. आजच्या माणसांचा, विशेषतः गरिबांचा आणि पिचलेल्यांचा आनंद आणि आशा, दुःख आणि चिंता हीच ख्रिस्ताच्या शिष्यांचीही आहेत, अशी त्या दस्तऐवजाची सुरुवात आहे. पुढे म्हटलंय की नव्या पृथ्वीची वाट बघताना या पृथ्वीची काळजी ढिली पडता कामा नये, उलट ती वाढली पाहिजे.

ज्युबिलीची मूळ कल्पनाही अशीच जमिनीवरची आहे. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळं करायची आणि विकली गेलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यायची आज्ञा आहे. पिढ्यान्‌पिढ्या काही घरांकडेच जमीन साठू नये आणि काही घरं कायमची वेठीला लागू नयेत, म्हणून केलेली ही तरतूद. येशूनं नाझरेथच्या सभास्थानात पहिल्यांदा वाचन केलं तेव्हा हाच धागा उचलला : दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. म्हणून २०२५च्या ज्युबिलीच्या पत्रात यात्रेबिरीच्या सूचनांसोबत कैद्यांना माफी किंवा शिक्षेत सूट द्या, गरीब देशांची कर्जं माफ करा, शस्त्रांवरचा पैसा भूक मिटवण्याकडे वळवा, फाशीची शिक्षा रद्द करा, अशा सरकारांकडे केलेल्या मागण्या आहेत. आशेबद्दलच्या पत्रात मागण्यांची यादी का, असं ज्याला वाटतं त्यानं लेवीय परत वाचावं.

आता जवळचं सांगतो. आमच्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) एक गट दर नाताळात मुंबईच्या आसपासच्या एका तुरुंगात जातो. साबण, दंतमंजन, रबरी चपला आणि केक. ‘मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात’ हे येशूचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. एका वर्षी केकचा तुकडा हातात घेऊन एक बाविसेक वर्षांचा पोरगा माझ्याजवळ आला. जव्हारकडचा, बिगारी काम करणारा, चोरीच्या केसमध्ये आत असलेला. केक त्यानं खाल्ला नाही, तसाच धरून ठेवला. म्हणाला, “काका, माझी तारीख कधी हाय, बघाल का?”

मोबाइल गेटवर जमा होते. त्याचं आणि बापाचं नाव, कोर्टाचं नाव, साल असं केकच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. बाहेर चहाच्या टपरीवर बसून ई-कोर्ट्सच्या ॲपवर शोधलं. त्याला सात महिन्यांपूर्वीच जामीन मंजूर झाला होता. अट होती पंधरा हजार रुपये आणि एक जामीनदार. पंधरा हजार नव्हते, आणि जामीनदार व्हायला ज्याच्या नावावर काही आहे असं त्याच्या घरात कुणी नव्हतं. म्हणजे कायद्यानं जो माणूस बाहेर असायला हवा होता, त्याला आम्ही आत जाऊन केक भरवत होतो.

टपरीवर वाद झाला. एक जण म्हणाला, वर्गणी काढू, आत्ताच्या आत्ता पंधरा हजार भरू. आमच्यातले एक निवृत्त कोर्ट कारकून गप्प होते. ते म्हणाले, “हा सुटेल. ह्याच्या शेजारी झोपतो त्याचं काय?” मग त्यांनीच सांगितलं की सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ रोजी याच प्रश्नावर निर्देश दिलेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. आम्ही प्राधिकरणाकडे अर्ज केला. तिथल्या वकिलांनी अट बदलून मागितली, आणि पाच आठवड्यांनी तो पोरगा स्वतःच्या जातमुचलक्यावर सुटला. वर्गणी काढावी लागली नाही. त्याच अर्जाच्या शेवटी आम्ही आणखी एक ओळ घातली होती : जामीन होऊनही आत असलेल्या बाकीच्यांची यादी करावी.

दान आणि न्याय यांतला फरक मला त्या टपरीवर जितका कळला तितका कुठल्या प्रवचनात कळला नव्हता. दान लागतंच. उपाशी माणसाला धोरण बदलेपर्यंत थांब असं सांगता येत नाही, आणि साबण न नेता नुसता अर्ज घेऊन गेलो असतो तर त्या पोरानं आम्हाला विचारलंच नसतं. पण दान जिथे पोचून थांबतं तिथून पुढचा प्रश्न न्यायाचा असतो : हा माणूस इथे का आहे, आणि याच्यासारखे किती आहेत? ज्याचं म्हणणं वरपर्यंत पोचत नाही त्याचं म्हणणं कागदावर आणून योग्य दारात नेऊन ठेवायचं, उत्तर येईपर्यंत दार सोडायचं नाही, यालाच पैरवी म्हणायचं. चर्चच्या सामाजिक शिकवणीत या दोन्हींना जागा आहे. तिची आधुनिक सुरुवात मानतात ती १५ मे १८९१ची. तेव्हा पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं, आणि रास्त मजुरी हा मालकाचा उपकार नसून कामगाराचा हक्क आहे, कामगारांना संघटना करता आली पाहिजे, असं सांगितलं. मे २०२५मध्ये निवडून आलेल्या पोपमहाशयांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं त्यामागे हीच आठवण आहे, असं त्यांनी स्वतः सांगितलं.

आकडा छोटा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

हेच काम झारखंडमध्ये फार मोठ्या पातळीवर आणि फार मोठी किंमत देऊन जेझुइट या कॅथलिक संघाच्या एका धर्मगुरूनं केलं. फादर स्टॅन स्वामी. जन्म २६ एप्रिल १९३७, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यात. बंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं कार्यकर्ते घडवून ते झारखंडात आले आणि तिथलेच झाले. रांचीजवळ नामकुमला ‘बगैचा’ नावाचं केंद्र उभं राहिलं. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासींना काय दिलंय, १९९६च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला कोणते अधिकार मिळाले, २००६च्या वनहक्क कायद्याखाली दावा कसा करायचा, हे ते समजावून सांगत. नवे हक्क ते मागत नव्हते. जे संसदेनं आधीच दिलंय ते पोचतं का, एवढंच विचारत होते. मग जमिनीच्या आणि खाणींच्या प्रश्नावर आवाज उठवणारी गावची पोरं नक्षलवादी म्हणून आत जाऊ लागली. फादर आणि त्यांचे सहकारी कच्च्या कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटले, माहिती गोळा केली, आणि हे खटले लवकर चालवावेत म्हणून झारखंड हायकोर्टात जनहित याचिका केली.

८ ऑक्टोबर २०२० रोजी एनआयएनं (राष्ट्रीय तपास यंत्रणेनं) त्यांना बगैचातून एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली आणि मुंबईला आणलं. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप तपास यंत्रणेनं केला. त्यांनी तो शेवटपर्यंत नाकारला. ८३व्या वर्षी ते तळोजाच्या तुरुंगात कच्चे कैदी झाले. कच्च्या कैद्यांसाठी कोर्टात गेलेला माणूस आता त्यांच्याच ओळीत बसला.

त्यांना पार्किन्सन होता. हात इतके थरथरत की पेला तोंडाशी नेता येत नसे. त्यांनी स्ट्रॉ आणि झाकणाचा सिपर मिळावा म्हणून ६ नोव्हेंबरला कोर्टात अर्ज केला. आपल्याकडे लहान मूल ज्या पेल्यातून दूध पितं, तसली ती वस्तू. एनआयएनं उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. वीस दिवसांनी सांगितलं की त्यांच्याकडून आम्ही असं काही घेतलेलं नाही. सिपर मिळायला कितीतरी आठवडे गेले. त्या दिवसांत देशभरातून लोकांनी तळोजाच्या पत्त्यावर सिपर पाठवले.

आतून त्यांनी मित्रांना पत्रं लिहिली. तेरा बाय आठ फुटांची खोली, सोबत दोन कैदी, सोबतचे आंघोळीला आणि जेवायला हात कसा लावतात, असं साधंसुधं. त्यांत तक्रारीपेक्षा इतरांची चौकशीच जास्त. या गरीब पोरांना आपल्यावर काय आरोप आहेत हेही माहीत नाही, आरोपपत्र त्यांनी बघितलेलं नाही, वकील नाही, आणि वर्षं चाललीत, असं त्यांनी लिहिलंय. एका पत्राच्या शेवटी आहे की पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो, आणि आम्ही सगळे मिळून गाऊ.

२२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयानं जामीन नाकारला. २१ मे रोजी व्हिडिओवरून हायकोर्टाशी बोलताना त्यांनी सरकारी दवाखान्यात जायला नकार दिला. रांचीला माझ्या माणसांत जाऊ द्या, नाहीतर इथेच मरू द्या, असं ते म्हणाले. मेच्या अखेरीस त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवलं. ५ जुलै २०२१ रोजी त्यांच्या जामिनावर सुनावणी सुरू असतानाच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं की ते गेले. खटला सुरूही झाला नव्हता.

ही आशेची गोष्ट कशी, असं मला एका तरुण मुलीनं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. आशावादाच्या हिशेबानं ही हरलेल्या माणसाची गोष्ट आहे. अक्विनासच्या चार खुणा लावून बघितल्या तर वेगळं दिसतं. मागितलं ते चांगलं होतं, हाती आलेलं नव्हतं, अवघड होतं, आणि कायद्यातच लिहिलेलं असल्यामुळे शक्यही होतं. अटकेच्या आधी केलेल्या चित्रफितीत त्यांनी सांगितलं होतं की मी मूक प्रेक्षक नाही, या सगळ्याचा भाग आहे, आणि जी किंमत असेल ती द्यायची तयारी आहे. ते ‘सगळं ठीक होईल’ म्हणाले नाहीत. नांगराचा दोर काचतो हे त्यांना रेबिब्बियाच्या चार वर्षं आधी माहीत होतं.

‘धर्मगुरूंनी राजकारणात पडू नये’ हे वाक्य मी चर्चच्या बाहेर जेवढं ऐकलंय त्याहून जास्त आत ऐकलंय. वसईत ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनाही ऐकावं लागलं. ‘सुवार्ता’ मासिक चालवणारा आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा माणूस हरित वसई संरक्षण समितीतून वसईच्या विहिरी, बावखलं (वाडीतली तळी) आणि वाड्या वाचवायला रस्त्यावर उतरला होता. टँकरनं पाणी उपसून नेलं की केळीच्या बुंध्याला खारं पाणी लागतं, हा प्रश्न त्यांना प्रार्थनेपासून वेगळा वाटला नाही. पक्षाचा प्रचार करणं आणि न्याय मागणं यांत फरक आहे, आणि तो पाळता येतो.

पण बाहेर न्याय मागणाऱ्यानं आपल्या घरातही बघायला हवं. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ साली शीख दलितांचा आणि १९९० साली बौद्ध दलितांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. चर्च दर वर्षी १० ऑगस्टला काळा दिवस पाळतं, काळ्या फिती लावतं, कोर्टात याचिका पडून आहेत. हे योग्यच आहे. मात्र धर्म बदलला तरी जात सुटत नाही हा त्या मागणीचा मुख्य मुद्दा, आणि त्याचा पुरावा चर्चच्याच आवारात आहे. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिश्चनांसाठी वेगळी दफनभूमी आहे. भारताच्या कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचं धोरण काढलं तेव्हा अस्पृश्यता चर्चमध्ये आहे हे कबूल केलं. मला ते कबूल करणं फार आवश्यक वाटलं. बोटीचा नांगर धरून बसणं सोपं असतं. शेताचा नांगर आधी स्वतःच्याच बांधाआड घालावा लागतो.

ज्युबिली वर्ष ६ जानेवारी २०२६ रोजी संपलं, रोमची दारं पुन्हा बंद झाली. आमच्या गटाच्या वहीत सध्या अकरा नावं आहेत. सातांचे केस नंबर ॲपवर सापडले. चारांचे सापडत नाहीत, कारण नावाचं स्पेलिंग पोलिसांच्या कागदावर एक आणि कोर्टाच्या कागदावर दुसरंच आहे. निवृत्त कारकून येत्या गुरुवारी कोर्टाच्या रजिस्टरमध्ये हातानं शोधायला जाणार आहेत. चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा, म्हणून सोबत मीही जातोय.